मुलुखाचा हिशोब ठेवणारी लावणी

बंगळूरच्या मुख्य रेल्वे स्थानकाला २०१६ मध्ये क्रांतिवीर संगोळी रायण्णांचे नाव मिळाले. रायण्णा बेळगाव भागातले, कित्तूर संस्थानाचे शिपाई. २६ जानेवारी १८३१ रोजी खानापूर तालुक्यातल्या नंदगड येथे इंग्रजांनी त्यांना फाशी दिली. त्या काळी बंगळूर म्हैसूरच्या राज्यात होते आणि कित्तूर कंपनी सरकारने घशात घातले होते. दोन्ही मुलुखांचे राज्यकर्ते वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. सरकारी दप्तरात रायण्णांची नोंद बंडखोर एवढीच होती. तरी आज राजधानीत उतरणारा प्रत्येक प्रवासी त्यांच्या नावाखालून जातो. मधल्या काळात हे नाव कोणी जपले, या प्रश्नाचे उत्तर डफ आणि तुणतुणे घेऊन जत्रेत उभ्या राहणाऱ्या गायकांकडे मिळते. त्यांच्या लावण्या वाचल्या की लक्षात येते की मुलुखावरच्या प्रेमाची त्यांची रीत राजधानीतल्या उत्सवी गाण्यांपेक्षा फार वेगळी आहे. मुलूख किती सुंदर, किती थोर, हे सांगण्यात त्या फारशा रमत नाहीत. मुलूख राखताना कोणाचे काय गेले, हे त्या मोजतात. माझे म्हणणे असे की लोकगीतातल्या देशप्रेमाचा कणा हा हिशोबच आहे. तो काढून घेतला की मागे फक्त घोषणा उरते.

या गाण्यांचा साचा मराठी आणि कानडी मुलुखांनी मिळून घडवला आहे. उत्तर कर्नाटकात ज्याला ‘गी गी पद’ म्हणतात त्यात एक मुख्य गायक, मागे ध्रुपद धरणारे झीलकरी, आणि साथीला डफ, तुणतुणे, झांज असा ताफा असतो. मराठी शाहिराचा फड पाहिलेल्याला त्यात परके काही वाटणार नाही. कानडी गायकांत हरदेशी आणि नागेशी असे दोन पंथ आहेत. एक शिवाची बाजू घेतो, दुसरा शक्तीची, आणि रात्रभर सवाल-जवाब रंगतो. मराठीतल्या कलगी-तुऱ्याचा सामना याच तत्त्वावर उभा आहे. सोलापूरच्या राम जोशींनी पेशवाईच्या अखेरीस ज्या लावण्या रचल्या त्यांत कानडीचाही वापर आहे, कारण सोलापूरच्या बाजारात दोन्ही भाषा कानावर पडत होत्या. कोणी कोणाकडून काय घेतले हा वाद विद्वानांनी जरूर घालावा. सोलापूर, विजापूर आणि बेळगावच्या जत्रांतला श्रोता मात्र दोन्ही गाणी ऐकत होता आणि दोन्हींवर मान डोलावत होता.

बंगळूरने याच्या अगदी उलट टोकाची परंपराही पाहिली आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर ते वसवणाऱ्या केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. संस्कृत, मराठी, हिंदुस्थानी, कानडी अशा अनेक भाषांतल्या कवींनी राजांपुढे म्हटलेल्या रचना त्यात आहेत. बंगळूरचे बहुभाषिकपण केवढे जुने आहे याचा तो मोलाचा पुरावा. पण त्या काव्याचा विषय धन्याचे वैभव हा आहे, आणि दरबारी कवीकडून तेच अपेक्षित असते. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि मग ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेले. राज्यकर्त्यांच्या इतिहासात या व्यवहाराचा आकडा नोंदला गेला. ज्यांच्या घरादारासकट शहर विकले गेले त्यांचे काय झाले, हे त्या आकड्यातून कळत नाही. लोकगीत नेमके या जागी कामाला येते.

त्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा हलगलीच्या लावणीत आहे. हलगली हे आजच्या बागलकोट जिल्ह्यातले गाव, तेव्हा घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात. १८५७ मध्ये कंपनी सरकारने शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. हलगलीचे बेडर हे शिकारीवर आणि शिपाईगिरीवर जगणारे लोक. हत्यार गेले तर पोटही गेले आणि इभ्रतही गेली. जडग, बाल, हनुम आणि राम या चौघांच्या पुढाकाराने गावाने हुकूम धुडकावला. नोव्हेंबरअखेर घोडदळ आले, चकमक झाली, गाव पेटवले गेले आणि धरलेल्यांपैकी १९ जणांना डिसेंबरात मुधोळ व हलगली येथे फासावर चढवले. ही लावणी कानडी मुलांना शाळेच्या पुस्तकात असते, आणि तिचा शेवट मला या साऱ्या परंपरेचे मर्म वाटतो. नायकांच्या नावाचा जयघोष करून ती संपत नाही. सैनिकांनी गावातून काय काय नेले, याची ती यादी देते: नांगराचा फाळ, कुऱ्हाड, दूधदुभते, मीठ, हळद, जिरे, ताटवाट्या, मंगळसूत्र आणि अखेर दळायचे जाते. मग गाव उजाड झाल्याची नोंद, आणि गाणे थांबते. ज्याने ही यादी केली त्याला देश म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. त्याचा देश नकाशावर नव्हता, तो चुलीजवळ होता. तिथली एकेक वस्तू गेली तेव्हा देश गेला.

ही लावणी छापून जपण्याचे काम एका इंग्रज अधिकाऱ्याने केले, हेही ध्यानात घ्यावे. जॉन फेथफुल फ्लीट हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी आणि शिलालेखांचे जाणकार. त्यांनी १८८५ पासून ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात काही निवडक कानडी लावण्या भाषांतरासह छापल्या. हलगलीच्या बेडरांची आणि रायण्णांची लावणी त्यांत आहे, शिवाय इन्कम टॅक्सवरचीही एक आहे. बंड, फाशी आणि कर या तीन गोष्टी एकाच पोतडीत सापडाव्यात यात नवल नाही. रायण्णांच्या बंडाचे मूळही जमिनीत होते. १८२४ मध्ये राणी चन्नम्मांनी कंपनीच्या फौजेला टक्कर दिली, कलेक्टर थॅकरे त्या लढाईत मारला गेला, पण अखेर कित्तूर पडले आणि राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ मध्ये वारल्या. रायण्णांची इनाम जमीन सरकारने काढून घेतली, उरलेल्या जमिनीवर जबर सारा बसवला. त्यांच्या टोळीने सरकारी कचेऱ्या गाठल्या आणि दप्तरे जाळली, कारण शेतकऱ्याला नाडणारा कागद तिथे होता. अखेर आपल्याच भागातल्या माणसांनी त्यांना पकडून दिले. लोकांच्या आठवणीत ही फितुरी पराक्रमाइतकीच ठळक आहे. आपल्यातल्यांनी काय केले हेही लोकस्मृती खात्यावर मांडते. खोटी जमा दाखवत नाही.

मराठीकडे पाहिले तर हीच रीत दिसते. तुळशीदासाच्या नावावर असलेला सिंहगडाचा पोवाडा ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या संग्रहात आहे. गड आला हे त्याला सांगायचे आहेच, पण ऐकणाऱ्याच्या मनात राहते ते गड घेणाऱ्याच्या मुलाचे, रायबाचे, अडलेले लग्न. घरातले कार्य बाजूला ठेवून निघालेला बाप परत आला नाही, ही त्या विजयाची किंमत. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत पोटासाठी मुंबईला आलेला मजूर गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. गरिबीने केलेली ताटातूट, महानगरातली श्रीमंती आणि उपासमार हे सारे मांडून झाल्यावर गाणे बेळगाव, कारवार, निपाणीकडे वळते आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या भागाचे दुःख सांगते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत असंख्य भाषणे झाली. त्या मजुराचा विरह लोकांच्या ओठांवर राहिला, कारण त्यात राज्याचा प्रश्न एका माणसाच्या तुटलेल्या संसारातून मोजला होता.

बायकांच्या गाण्यांत तर हा हिशोब आणखी कठोर होतो. कानडी बाईचे ‘तवरु’ आणि मराठी बाईचे माहेर हे लोकगीतातले सर्वांत जुने स्वदेश आहेत, कारण जन्मभूमी सोडण्याची सक्ती पिढ्यानुपिढ्या तिच्यावरच झाली. विजापूर जिल्ह्यातल्या हलसंगीच्या साहित्यप्रेमी मित्रांनी १९३१ मध्ये ‘गरतिय हाडु’ हा स्त्रीगीतांचा संग्रह काढला. मराठीत साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मधून ओव्या गोळा केल्या. दोन्हींत जात्यावर बसलेली बाई माहेरच्या वाटेकडे डोळे लावून आहे. पण कानडीतल्या ‘केरेगे हार’ या कथागीताइतके धारदार उदाहरण क्वचित मिळेल. गावासाठी तलाव खणला, पाणी लागेना, जोशाने सुनेचा बळी सांगितला. धाकटी सून भागीरथी माहेरी जाऊन येते, सारे समजून तलावात उतरते आणि पाणी वर चढते. लढाईवरून परतलेला नवराही त्याच पाण्यात उडी घेतो. खुद्द बंगळूरच्या किल्ल्याबद्दल अशीच आख्यायिका आहे. दक्षिणेचा दरवाजा पुन्हा पुन्हा ढासळत होता म्हणून केंपेगौडांच्या सुनेने, लक्ष्मीदेवीने, स्वतःचा बळी दिला असे सांगतात, आणि कोरमंगलात तिचे देऊळ आहे. या कथा घडल्या तशाच घडल्या असे मानण्याची गरज नाही. गावाच्या पाण्याखाली आणि शहराच्या पायाखाली कोणाचे तरी आयुष्य आहे, ही जाणीव लोकांनी पुसू दिली नाही, एवढे त्यांतून निश्चित कळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की याला देशप्रेम म्हणणे म्हणजे आजची कल्पना मागच्या काळावर लादणे होय. हलगलीचे बेडर हत्यारांसाठी लढले, रायण्णा कित्तूरच्या गादीसाठी आणि जमिनीसाठी. भारत किंवा कर्नाटक त्यांच्या मनात नव्हते. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केल्यानेच पुढची गोष्ट स्पष्ट होते. मोठा देश त्यांच्या मनात नव्हता, पण परक्या हुकुमापुढे आपले जगणे आपल्या हाती ठेवण्याची इच्छा होती, आणि पुढच्या राष्ट्रीय चळवळीला याच इच्छेवर उभे राहावे लागले. विसाव्या शतकात हुलकुंदच्या भीमकवींसारख्यांनी गी गी पदांतून स्वातंत्र्याचा प्रचार केला तेव्हा त्यांना नवे गाणे शोधावे लागले नाही. सारा, जंगल, मीठ या तक्रारींची भाषा फडात तयार होती. राष्ट्राची कल्पना वरून आली असेल, तिला ऐकणारे कान गावाने आधीच घडवले होते. शिवाय ही दुःखे एकट्या गावाची नव्हती. रायण्णांच्या फाशीनंतर जेमतेम वर्षभराने, ३ फेब्रुवारी १८३२ रोजी, रामोशी बंडखोर उमाजी नाईकांना पुण्यात फाशी झाली. रामोशी, बेरड आणि बेडर या नात्यातल्याच जमाती आहेत. बेळगाव भागातल्या भीमराव गस्ती यांनी आपल्या समाजाची कहाणी मराठीत लिहिली आणि तिला ‘बेरड’ हेच नाव दिले. हलगलीच्या लावणीतला माणूस आणि या आत्मकथनातला माणूस यांच्यामध्ये फक्त भाषेचे अंतर आहे.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा: लावणी हा पुरावा नाही, ती अतिशयोक्ती करते, आश्रयदात्याची तळी उचलते. आकडे आणि तारखांसाठी लावणीवर विसंबू नये हे खरेच. पण कोणाला काय सलत होते, याचा तो अव्वल पुरावा आहे, आणि हे सलणे नेहमी आपल्या सोयीचे नसते. म्हैसूर भागातल्या टिपू सुलतानावरच्या लावण्या लिंगदेवरु हळेमने यांनी ‘धीर टिप्पुविन लावणीगळु’ या नावाने एकत्र केल्या आहेत. टिपूबद्दल आज तीव्र मतभेद आहेत आणि त्यांची कारणेही आहेत. त्याचा आश्रय ४ मे १७९९ ला त्याच्याबरोबर संपला, तरी गाणे टिकले, म्हणजे ते निव्वळ आश्रितांचे नव्हते. मराठी वाचकाने तर याहून अवघड गोष्ट ऐकून घेतली पाहिजे. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने टिपूकडून बंगळूरचा किल्ला घेतला त्या युद्धात पेशव्यांच्या फौजा, परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या हाताखाली, इंग्रजांच्या बाजूने होत्या, आणि त्याच वर्षी मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. जे सैन्य एका पोवाड्यात स्वराज्याचे असते ते दुसऱ्या गावाच्या स्मृतीत लुटारू असू शकते. लुटीची यादी कानडीत असली म्हणून ती आपल्याला वाचता येत नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मुलुखाची गाणी माणसे तोडतात, आणि बंगळूर-बेळगावच्या माणसांनी हे अनुभवले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरच्या सदाशिवनगरातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतली गेली, त्यानंतर बेळगावात अनगोळ येथे रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली, आणि दोन्ही राज्यांत संताप उसळला. पण या घटनेत गाण्याचा दोष कोठे आहे? ज्यांनी पुतळे विद्रूप केले त्यांनी नाव उचलले होते, त्या नावामागचा हिशोब उचलला नव्हता. रायण्णांच्या लढ्यातला शत्रू शेतसारा वाढवणारी कंपनी होती. मराठी शेतकरी तिच्याच साऱ्याखाली पिचत होता. नंदगड, जिथे रायण्णांचा शेवट झाला आणि जिथल्या वडाशी लोक अजून श्रद्धेने जातात, त्या खानापूर तालुक्यात घरोघरी मराठी बोलली जाते. रायण्णांना मराठीचा शत्रू ठरवायला त्यांच्या लावणीत आधार शोधावा लागेल, आणि शिवरायांना कानडीचा शत्रू ठरवायला त्यांच्या वडिलांचे बंगळूर विसरावे लागेल. हिशोब शाबूत असेल तर दोन गावांची दुःखे एकमेकांना ओळखतात. तो वगळून फक्त नाव उरले की त्या नावाची काठी होते.

वगळण्याची ही क्रिया राजधानीत सहज घडते. १ नोव्हेंबर १९५६ ला कानडी मुलूख एका राज्यात आला, १९७३ मध्ये त्याला कर्नाटक हे नाव मिळाले, आणि राज्योत्सवाचा दिवस बंगळूरभर झेंडे आणि ध्वनिक्षेपकांनी साजरा होतो. २००४ मध्ये कुवेंपूंची कविता राज्यगीत झाली. राज्याला असे गीत लागतेच, त्याचे काम सर्वांना एका सुरात उभे करणे आहे, आणि ते काम मोठे आहे. चूक तेव्हा होते जेव्हा हलगलीच्या लावणीकडूनही तेच काम करून घेतले जाते: व्यासपीठावर तिचा आवेश ठेवतात आणि मीठ-हळदीची यादी वेळेअभावी गाळतात. याच शहरातून अशी गाणी वाचवणारी कामेही झाली आहेत. एच. एल. नागेगौडा यांनी १९७९ मध्ये कर्नाटक जानपद परिषद उभी केली आणि १९९४ मध्ये बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर रामनगरजवळ ‘जानपद लोक’ हे लोककलांचे संग्रहालय सुरू केले. सनदी अधिकारी असलेल्या या माणसाने गावोगावच्या गाण्यांचे मोल वेळेवर ओळखले. तसे मोल ओळखणारे श्रोते मात्र अजून कमी आहेत.

बंगळूरमध्ये आज मराठी माणसे मोठ्या संख्येने आहेत; काही घराणी शतकांपूर्वी आलेली, काही कालपरवा नोकरीसाठी उतरलेली. गणेशोत्सवात आणि शिवजयंतीला त्यांच्यात पोवाडा होतो, तो व्हावाच. त्यांना आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना माझी विनंती आहे की त्याच व्यासपीठावर एखाद्या वर्षी हलगलीची लावणी कानडी गायकाकडून पूर्ण गाऊन घ्यावी, शेवटच्या यादीसकट, आणि तिचा अर्थ मराठीत सांगावा. कानडी मित्रांनी अण्णाभाऊंच्या मजुराचे गाणे तसेच ऐकावे, त्यातली बेळगावची ओळ न वगळता. दोन्ही बाजूंना काही ठिकाणी टोचेल. ज्या देशप्रेमाला दुसऱ्याच्या गावाचे नुकसान मोजता येत नाही, ते आपल्या गावालाही फार काळ राखू शकत नाही.